अकरा नंबर

किर्गिझस्तानात, हिमनदीच्या पायथ्याशी एक तळं आहे,
दरसाल थोडं फुगणारं.
त्याला अडवणारा बांध कुणी घातलेला नाही,
नुसती दगडमाती, पोटात जुना बर्फ.
खाली नऊ किलोमीटरवर गाव:
सत्तर उंबरे, एक शाळा, एक सायरन.

मधे टॉवर नाही.
म्हणून बुरुलसुननं घोड्यावरून वीस डबे नेले,
जेवणाच्या डब्याएवढे, काडीसारखा अँटेना,
आणि दगडांत रोवून आली
हाकेच्या अंतरावर एकेक.
हाकेच्या म्हणजे त्यांच्या हाकेच्या.

गाव कुठे आहे, एकालाही ठाऊक नाही.
दर दहा मिनिटांनी डोळे उघडायचे,
विचारायचं: शेजारी कोण जागं आहे?
जो ओ देईल त्याच्या हाती
तळ्याची पातळी सोपवायची
आणि पुन्हा झोपायचं, बॅटरी राखत.
एखादा मेला तर सुतक नाही.
वाट वळसा घेते, झालं.

जुलैतल्या एका पहाटे
बाहेर उणे तीन असताना
अकरा नंबरनं कळवलं: एकोणतीस अंश.
बुरुलसुननं लॅपटॉप मिटला. उघडला.
एकोणतीस.
मग एकदम चौतीस, आणि हवेत ओल,
कुणीतरी शेजारी चहा ठेवल्यासारखी.

तिनं घोड्यावर खोगीर चढवलं.

तोक्तोसुनच्या तंबूत, चुलीपासून हातभर,
उशीवर पडला होता अकरा नंबर
बुरणुसाच्या तुकड्यात गुंडाळलेला.
"रात्री एकटंच लुकलुकत होतं," म्हातारा म्हणाला,
"कोकरू असतं तर आत घेतलं नसतं?"

वाटेत तिनं वाक्यं जुळवली होती:
सरकारी वस्तू, मोजमाप, खाली माणसं राहतात.
त्यानं घोडीच्या आंबवलेल्या दुधाची वाटी पुढे केली.
ती पीत असताना वाक्यं विरघळली,
सगळी नाही.

तोक्तोसुन म्हणजे थांबो.
आधीची तीन भावंडं टिकली नाहीत
म्हणून आईनं ठेवलेलं नाव,
आपल्याकडे धोंडू ठेवतात तसं,
यमानं दगड समजून पुढे जावं म्हणून.
हे त्यानं सांगितलं नाही.
गावात सगळ्यांना माहीत असतं.

मग तिनं नोंदी चाळल्या.
नऊ आणि चौदा यांच्या मधे एक सुळका;
वर्षभर त्या दोघांची ओळखदेख नव्हती,
निरोप पाच घरं फिरून जायचा.
अकरा तंबूत आल्या रात्रीपासून
नऊचं अकराला, अकराचं थेट चौदाला.
ही वाट तिनं आखली नव्हती.
डब्यांनीच चाचपून काढलेली;
मधे एक म्हातारा झोपतो हे त्यांना कुठलं कळायला,
शेजारी जरा जवळ सरकला, एवढंच.

जुन्या जागी तिनं नवा डबा रोवला, एकवीस.
अकरा राहू दिला तिथेच, तीन अटींवर:
गुंडाळायचा नाही, चुलीपासून लांब, माथ्याला टांगायचा.
दोन त्यानं मान्य केल्या.
वहीत तिनं हातानं लिहिलं:
अकराचं तापमान माणसाचं आहे. धरू नये.

ऑगस्टात एका रात्री तळं वीतभर चढलं.
निरोप तंबूतून गेला. सायरन वाजला.
लोक गाद्या घेऊन टेकडीवर बसले,
आणि पहाटे पाणी आपलं आपण उतरलं.
बुरुलसुनला शिव्या बसल्या. तिनं ऐकून घेतल्या,
बर्फाशी कोण भांडणार.

सप्टेंबरात मेंढ्या खाली निघाल्या.
अकरा परत द्यायचा तो विसरला,
किंवा विसरला नाही.
सायरनच्या खोलीत बसून ती बघत होती:
सकाळी चौदानं त्याला ओ दिली,
दुपारी सोळानं,
मग अडीच तास अठरापाशीच,
तिथे गवत चांगलं आहे.
दिवेलागणीला विसाव्यानं हाक ऐकली.
नोंद आली, गावातली:

अकरा नंबर. एकतीस अंश.